बाजारव्यवस्थेतील शासनाची भूमिका : महाराष्ट्रातील कापूस एकाधिकार खरेदी योजना आणि रोजगार हमी योजना यांची तुलनात्मक चिकित्सा

सारांश

आधुनिक बाजाराधिष्ठित अर्थव्यवस्थेत शासनाने किती हस्तक्षेप करावा, या प्रश्नाभोवती आपल्याकडील बरीचशी चर्चा फिरत राहते. प्रस्तुत लेखात ही मांडणी अपुरी असल्याचे प्रतिपादन केले आहे. १९७२ या एकाच वर्षात महाराष्ट्र शासनाने दोन मोठे हस्तक्षेप सुरू केले. कापूस एकाधिकार खरेदी योजनेने एका शेतमालाचा खासगी बाजारच बंद केला, तर रोजगार हमी योजनेने श्रमाच्या बाजाराला एक तळ घालून दिला. पहिली योजना तीन दशकांनंतर आर्थिक भाराखाली कोलमडली. दुसरी अनेक दोष पोटात घेऊनही देशव्यापी कायद्याची पूर्वपीठिका ठरली. राज्य, प्रशासन आणि राजकीय नेतृत्व समान असताना फळे वेगळी का आली, याची चिकित्सा येथे केली आहे.

बीजसंज्ञा : बाजारातील अपयश, शासकीय अपयश, एकाधिकार खरेदी, रोजगार हमी, हमीभाव

१. प्रस्तावना

जुलै १९९१ मध्ये भारताने नवे आर्थिक धोरण स्वीकारले. तेव्हापासून मराठीतील आर्थिक लेखनात दोन सूर सातत्याने ऐकू येतात. शासनाने बाजारातून अंग काढून घ्यावे, म्हणजे कार्यक्षमता आपोआप वाढेल, असे एक मत सांगते. शासनाने अंग काढून घेतल्यामुळेच शेतकरी, कामगार व लहान उत्पादक उघड्यावर पडले, असे दुसरे मत मानते. दोन्ही मतांचे गृहीतक मात्र एकच आहे. शासन आणि बाजार या तराजूच्या दोन पारड्यांतील वस्तू असून एकाचे वजन वाढले की दुसऱ्याचे घटते, असे दोन्ही पक्ष धरून चालतात.

आपल्या पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांतही हा विषय साधारणपणे ‘शासनाची कार्ये’ अशा यादीच्या स्वरूपात येतो. रिचर्ड मसग्रेव्ह यांनी १९५९ मध्ये मांडलेली साधनसामग्रीचे वाटप, उत्पन्नाचे पुनर्वितरण आणि आर्थिक स्थैर्य ही तीन कार्ये विद्यार्थी पाठ करतात. त्यात सार्वजनिक वस्तू, बाह्य परिणाम आणि मक्तेदारीचे नियंत्रण यांची भर पडते. यादी चुकीची नाही. परंतु एखादे कार्य शासनाने कोणत्या पद्धतीने करावे, याविषयी ती मौन बाळगते. शेतकऱ्याला न्याय्य भाव मिळावा हे उद्दिष्ट मान्य केले, तरी त्यासाठी शासनाने स्वतः व्यापारी व्हावे, किमान भावाची हमी द्यावी, गोदाम व पतपुरवठा उभा करावा की वजनमापावर देखरेख ठेवावी, याचे उत्तर त्या यादीत सापडत नाही. धोरणाचे यशापयश बहुतांशी याच उत्तरावर अवलंबून असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

२. उद्दिष्टे आणि पद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

(१) शासकीय हस्तक्षेपाची पारख करण्यासाठी आर्थिक विचारपरंपरेतून काही निकष निश्चित करणे.
(२) त्या निकषांवर कापूस एकाधिकार खरेदी योजना व रोजगार हमी योजना यांची चिकित्सा करणे.
(३) त्यातून निघणारे निष्कर्ष अलीकडील धोरणांना लावून पाहणे.

लेखाची पद्धती विवेचनात्मक व तुलनात्मक असून तो दुय्यम साधनांवर आधारलेला आहे.

३. वैचारिक पार्श्वभूमी

अ‍ॅडम स्मिथ यांना निर्हस्तक्षेपाचे जनक म्हटले जाते. तथापि १७७६ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी संरक्षण व न्यायदान यांच्याबरोबरच, खासगी व्यक्तीला परवडणार नाहीत अशा सार्वजनिक कामांची जबाबदारीही शासनावर टाकली होती. महाराष्ट्रात न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. इंग्लंडच्या परिस्थितीतून निघालेले सिद्धांत सर्व देशांना व सर्व काळांना लागू पडत नाहीत, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता, आणि भारतासारख्या देशात उद्योगांच्या उभारणीसाठी शासनाच्या पुढाकाराची गरज ते मानीत. महात्मा फुले यांनी तर त्यापूर्वीच, ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ च्या लेखनात, बंधारे व तलाव बांधून शेतीला पाणी पुरविण्याची अपेक्षा सरकारकडून व्यक्त केली होती.

विसाव्या शतकात केन्स यांनी १९३६ मध्ये दाखवून दिले की, बाजार स्वतःहून पूर्ण रोजगाराच्या पातळीवर स्थिरावेलच असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४७ मध्ये संविधान सभेसाठी तयार केलेल्या निवेदनात मूलभूत उद्योग, विमा व शेती यांच्या राज्य मालकीची मागणी केली. ती संविधानातच समाविष्ट व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. शासनाची आर्थिक जबाबदारी बदलत्या बहुमताच्या मर्जीवर सोडू नये, ती कायद्याने बांधून घ्यावी, ही त्यामागील दृष्टी राज्य मालकीचा तपशील अमान्य असणाऱ्यांनाही विचारात घ्यावी लागते.

याउलट फ्रेडरिक हायेक यांनी १९४५ मध्ये असा प्रश्न उपस्थित केला की, असंख्य व्यक्तींमध्ये विखुरलेले आणि रोज बदलणारे ज्ञान एका मध्यवर्ती यंत्रणेला कसे मिळणार? किंमत ही त्या ज्ञानाची वाहक असते. ती गोठवली की ज्ञानाचा प्रवाहही आटतो. रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये सुचविले की, तुलना अपूर्ण बाजार आणि आदर्श शासन यांच्यात करू नये. प्रत्यक्षात उपलब्ध असलेल्या व्यवस्थांचीच एकमेकींशी तुलना करावी. ग्रीनवाल्ड व स्टिग्लिट्झ यांनी १९८६ मध्ये दाखविले की, माहिती अपुरी असेल तेथे बाजार सहसा इष्टतम फळ देत नाही. अर्थात, अपुऱ्या माहितीची अडचण शासनालाही चुकत नाही.

या परंपरेतून चार निकष काढता येतात. पहिला, हस्तक्षेप बाजाराच्या नेमक्या कोणत्या दोषावर आहे? दुसरा, तो चालविण्यासाठी लागणारी माहिती शासनाला मिळू शकते का? तिसरा, खर्चाचा भार कोणावर पडतो आणि तो आधी ठरलेला आहे का? चौथा, ज्याच्यासाठी योजना आहे त्या नागरिकाच्या हाती हक्क किंवा पर्याय उरतो का?

४. कापूस एकाधिकार खरेदी योजना

कापूस उत्पादकाची अडचण खरी होती. पीक हाती येताच कर्जफेडीसाठी व घरखर्चासाठी त्याला माल विकावा लागे. त्या वेळी आवक जास्त आणि भाव कमी. वजन, प्रतवारी आणि चुकारा या तिन्ही गोष्टी व्यापाऱ्याच्या हाती होत्या. रुई, सरकी आणि गाठी यांतून पुढे होणाऱ्या मूल्यवाढीत उत्पादकाला वाटा नव्हता. या पार्श्वभूमीवर १९७१ चा कायदा झाला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून राज्यातील कापसाची खरेदी, प्रक्रिया व विक्री शासनाच्या वतीने सहकारी पणन संघामार्फत होऊ लागली. खासगी व्यापाऱ्याला कापूस विकणे बेकायदा ठरले. पुढे या कामासाठी कापूस उत्पादकांचा स्वतंत्र पणन महासंघ स्थापन झाला.

योजनेची मूळ कल्पना विचारपूर्वक आखलेली होती. संकलन केंद्रावर शेतकऱ्याला हमी किंमत मिळावी, रुई व सरकी विकून अधिक रक्कम आल्यास ती अंतिम किमतीच्या रूपाने त्याच्याकडे परत जावी, आणि चांगल्या वर्षांतील शिलकीचा काही भाग चढउतार निधीत ठेवून वाईट वर्षांतील तूट भरून काढावी, अशी रचना होती. हमी किंमत सावध पातळीवर असेपर्यंत ही रचना चालू शकली. उत्पादकाला पहिल्यांदाच प्रतवारीप्रमाणे भाव मिळाला आणि नडीच्या विक्रीचा तडाखा कमी झाला, हे योजनेचे श्रेय नाकारता येणार नाही.

दोष रचनेच्या पोटात होता. पहिल्या निकषावर पाहता, बाजाराचा दोष नडीची विक्री, खोटे वजन व प्रतवारीतील मनमानी हा होता. उपाय मात्र संपूर्ण बाजार ताब्यात घेण्याचा केला गेला. दुसऱ्या निकषावर पाहता, आपल्या राज्याच्या सीमेत बंदिस्त असलेल्या यंत्रणेला देशव्यापी व जागतिक बाजारातील मालाचा भाव ठरवायचा होता. शेजारच्या गुजरात, मध्य प्रदेश किंवा आंध्र प्रदेशात भाव चढा असला की राज्यातील कापूस सीमा ओलांडून जाई. राज्यातील हमी किंमत जास्त असली की बाहेरचा कापूस आत येई. म्हणजे तेजीत चांगला माल हातून निसटायचा आणि मंदीत नको असलेला माल गळ्यात पडायचा. एकाधिकार कायद्यात होता, प्रत्यक्षात तो सीमेवरच्या प्रत्येक रस्त्यावर झिरपत होता.

तिसऱ्या निकषावर योजनेची घसरण सर्वांत स्पष्ट दिसते. हमी किंमत ठरविण्याचा अधिकार मंत्रिमंडळाकडे असल्याने तिचा संबंध रुईच्या अपेक्षित विक्री किमतीशी राहिला नाही. तो निवडणुकीशी आणि आंदोलनांशी जोडला गेला. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून केंद्राच्या किमान आधारभूत किमतीपेक्षा बराच अधिक भाव राज्याने जाहीर केला, आणि नेमक्या त्याच काळात जागतिक बाजारात कापसाचे भाव उतरले. संचित तूट वाढत गेली व चढउतार निधी तिला पुरा पडला नाही. तुटीला आधी ठरलेला धनी नव्हता. म्हणून तिचा पहिला फटका शेतकऱ्याच्या चुकाऱ्यालाच बसला. जाहीर भाव मोठा, पण पैसे उशिरा, अशी स्थिती निर्माण झाली. ज्या नडीपासून योजनेने त्याला सोडवायचे होते, तीच नड उशिराच्या चुकाऱ्याने परत आणली.

चौथ्या निकषावर पाहता शेतकऱ्याला पर्याय नव्हता. ग्रेडरने प्रत उतरवली तर दुसऱ्या दुकानात जाण्याची सोय नव्हती. खासगी व्यापाऱ्याची मनमानी काढून टाकताना संकलन केंद्राची मनमानी निर्माण झाली, आणि ती मोडण्याचे साधन शेतकऱ्याला दिले गेले नाही. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालील शेतकरी संघटनेने बाजारातील स्वातंत्र्याची मागणी केली, तिचे मूळ याच अनुभवात शोधावे लागते.

२००२ मध्ये खासगी व्यापाऱ्यांना पुन्हा खरेदीची मुभा मिळाली आणि एकाधिकार व्यवहारतः संपला. परंतु माघारीचीही चिकित्सा झाली पाहिजे. याच सुमारास, मार्च २००२ मध्ये, बीटी कापसाच्या बियाण्याला मान्यता मिळाली आणि लागवडीचा खर्च वाढू लागला. सिंचन अपुरे, संस्थात्मक कर्ज अपुरे आणि भाव जागतिक बाजारावर अवलंबून, अशा अवस्थेत विदर्भातील कोरडवाहू उत्पादक सापडला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची कारणे अनेक आहेत व ती एकाच योजनेच्या माथी मारणे शास्त्रीय ठरणार नाही. तरीही जुलै २००६ मध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी केंद्राला ३,७५० कोटी रुपयांचे मदतकार्य जाहीर करावे लागले, ही घटना एवढे निश्चित सांगते की, शासनाने एकाधिकार सोडताना त्याच्या जागी काय ठेवायचे याची तयारी केली नव्हती.

५. रोजगार हमी योजना

रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात प्रारंभिक प्रयोग झाल्यावर १९७२ मध्ये योजना राज्यभर लागू झाली. पाठोपाठ आलेल्या १९७२-७३ च्या भीषण दुष्काळात मदतकार्यांवरील मजुरांची संख्या मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाखांवर पोहोचली. धान्याचे उत्पादन कोसळले असूनही राज्याने मोठा दुष्काळमृत्यू टाळला, याकडे ज्याँ द्रेझ यांनी लक्ष वेधले आहे. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या विचाराशी हा अनुभव जुळतो : धान्य बाजारात असूनही ते विकत घेण्याची ताकद संपली की माणूस उपाशी राहतो. महाराष्ट्राने मजुरी देऊन ती ताकद परत दिली; धान्याच्या व्यापाराची जागा घेण्याची गरज त्यासाठी पडली नाही.

१९७७ मध्ये योजनेला कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता देण्याचे बंधन शासनावर आले. आता चार निकष लावून पाहू.

बाजाराचा दोष नेमका होता : कोरडवाहू भागात हंगामानंतर श्रमाला मागणीच नसते. उपायही तेवढ्यापुरताच होता. ज्याला शेतात किंवा अन्यत्र बरी मजुरी मिळते त्याने तिकडे जावे. ज्याला मिळत नाही त्याने येथे यावे. गरजू कोण हे ठरविण्यासाठी शासनाला यादी करावी लागत नव्हती. उन्हातान्हात खडी फोडण्याची तयारी दाखवणारा माणूस स्वतःच ती माहिती शासनाला देत होता. हायेक यांनी उपस्थित केलेल्या ज्ञानाच्या प्रश्नाला या रचनेने दिलेले उत्तर पाठ्यपुस्तकातील कोणत्याही उदाहरणाइतके बोलके आहे.

भाराचा प्रश्नही आधी सोडविलेला होता. १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर आला. त्याच्या जोडीला मोटार वाहने, विक्री कर, बागायती जमीन इत्यादींवरील अधिभार आले, आणि जमा रकमेइतकाच हिस्सा राज्याने घालण्याचे ठरले. आपणा प्राध्यापकांच्या वेतनपत्रकातून दरमहा २०० व फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, त्या कपातीचा उगम येथे आहे. नागरी नोकरदाराने ग्रामीण मजुराच्या कामाचा भार उचलावा, असा हा उघड सामाजिक करार होता. आपल्यापैकी अनेकजण ती कपात निमूटपणे सोसतात, पण वर्गात लोकवित्त शिकवताना तिचा उल्लेखही करत नाहीत.

चौथ्या निकषावर मजुराच्या हाती कायदेशीर हक्क होता व पर्यायही खुला होता. अर्थात, प्रत्यक्षात हा हक्क अनेकदा कागदावर राहिला. काम सुरू करण्यासाठी किमान ५० मजुरांची अट, हजेरीपटातील खोट्या नोंदी, लांबलेली मजुरी, अर्धवट राहिलेली कामे, निधीच्या वापराविषयीच्या तक्रारी, हे दोष सर्वज्ञात आहेत. १९८८ मध्ये किमान वेतनात मोठी वाढ झाली. त्यानंतर कामाची उपलब्धता घटली आणि हमीऐवजी अप्रत्यक्ष शिधावाटप सुरू झाले, असा निष्कर्ष राव्हालियन, दत्त व चौधुरी यांनी १९९३ मध्ये काढला. म्हणजे दर वाढवला तरी निधी त्याच प्रमाणात वाढला नाही, तर हक्क आतून पोकळ होतो. असे असूनही २००५ चा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा घडताना महाराष्ट्राचा अनुभवच मुख्य आधार होता.

६. तुलना आणि आक्षेपांचा विचार

या तुलनेवर दोन आक्षेप घेतले जाऊ शकतात. पहिला आक्षेप असा की, कापूस ही जागतिक बाजारातील वस्तू आहे आणि श्रम स्थानिक आहे. म्हणून तुलना अयोग्य आहे. हा फरक मान्यच आहे, पण तो आपल्या प्रतिपादनाला बळच देतो. ज्या वस्तूची किंमत आपल्या अधिकारक्षेत्राबाहेर ठरते तेथे एका राज्याने संपूर्ण बाजार ताब्यात घेणे सर्वांत अवघड, हे दुसऱ्या निकषावरून आधीच ओळखता आले असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रोजगार हमीने दारिद्र्याच्या कारणांना हात घातला नाही, तिने फक्त उपासमार टाळली. कापूस योजना मात्र उत्पादन व विनिमयाचे संबंध बदलू पाहत होती. त्यामुळे पहिलीचे यश लहान आणि दुसरीचे अपयश मोठ्या ध्येयाचे अपयश आहे, असे म्हणता येईल. या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु ध्येयाची उंची रचनेतील उणीव भरून काढत नाही. मूल्यवाढीत उत्पादकाला वाटा द्यायचा होता, तर सहकारी जिनिंग व सूतगिरण्यांना खासगी व्यापाऱ्याच्या स्पर्धेत उभे करून, त्याच्या जोडीला किमान भावाची हमी देता आली असती. मग शेतकऱ्याला दोन दुकाने मिळाली असती आणि शासनाला आपल्या चुकीची वार्ता तूट साचण्याच्या कितीतरी आधी कळली असती.

७. अलीकडील धोरणांचा परामर्श

हे निकष आजच्या प्रश्नांनाही लागू पडतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० व लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये प्रतिक्विंटल आधारभूत किंमत जाहीर केली. त्याच हंगामाच्या तोंडावर, १९ ऑगस्ट २०२५ पासून, कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ करण्यात आले व ही माफी पुढे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविण्यात आली. वस्त्रोद्योगाला स्वस्त कच्चा माल हवा होता, हे कारण समजण्यासारखे आहे. पण शासन एका हाताने भावाला तळ घालते आणि दुसऱ्या हाताने त्याच भावावरचा दाब वाढवते, तेव्हा भार पुन्हा एकदा आधी न ठरलेल्या व्यक्तीवर, म्हणजे ओलाव्याचे प्रमाण १२ टक्क्यांहून अधिक ठरल्याने भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावरून परतणाऱ्या शेतकऱ्यावर पडतो.

२०२० चे तीन कृषी कायदे व त्यांची २०२१ मधील माघार यांतूनही हेच दिसते. शेतकऱ्याला बाजार समितीबाहेर विक्रीचा पर्याय देणे चौथ्या निकषाशी सुसंगत होते. पण भावाच्या तळाविषयी हक्क दिला नव्हता. एकाधिकार योजनेत तळ होता पण पर्याय नव्हता. या कायद्यांत पर्याय होता पण तळ अनिश्चित होता.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या रोजगार हमी कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. त्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ झाले आहेत. मात्र बहुतेक राज्यांवर खर्चाचा ४० टक्के वाटा टाकला असून केंद्राचा निधी पूर्वनिश्चित वाटपाने देण्याची तरतूद आहे. दिवस वाढले म्हणून हक्क वाढला असे मानण्यापूर्वी १९८८ नंतरचा महाराष्ट्राचा अनुभव आठवला पाहिजे. मागणी मजुराने करायची आणि निधीची मर्यादा आधीच ठरलेली, अशा रचनेत हमी कितपत टिकते, हे त्या अनुभवाने एकदा दाखविले आहे.

८. निष्कर्ष

(१) शासकीय हस्तक्षेपाचे मूल्यमापन त्याच्या आकारमानावरून करण्यापेक्षा त्याच्या रचनेवरून करणे अधिक उपयुक्त ठरते.
(२) बाजाराचा नेमका दोष दुरुस्त करणारा हस्तक्षेप, संपूर्ण बाजाराची जागा घेणाऱ्या हस्तक्षेपापेक्षा कमी माहितीवर चालू शकतो.
(३) तुटीचा धनी आधी ठरला नसेल, तर ती अखेरीस लाभार्थ्याच्याच पदरी येते.
(४) हक्क आणि पर्याय यांपैकी एकच दिल्यास संरक्षण अपुरे राहते.
(५) शासनाची माघार हाही एक हस्तक्षेपच असून तिलाही हेच निकष लावले पाहिजेत.

९. समारोप

शासन की बाजार, हा प्रश्न परीक्षेत दहा गुणांसाठी सोयीचा आहे. यवतमाळच्या कापूस उत्पादकाला किंवा माणदेशातील मजुराला त्याचा उपयोग नाही. त्यांच्या दृष्टीने प्रश्न असा आहे की, जाहीर झालेला भाव किंवा मजुरी मला कधी मिळेल, कोण देईल, आणि न मिळाल्यास मी कोठे जाऊ. अर्थशास्त्राचे अध्यापन करणाऱ्यांनी विद्यार्थ्यांपुढे शासनाच्या कार्यांची यादी ठेवताना तिच्यातील प्रत्येक कलमासमोर हे तीन प्रश्न लिहावयास लावले, तर आपल्या राज्याने १९७२ मध्ये केलेल्या दोन प्रयोगांची किंमत काही अंशी तरी वसूल होईल.